'शेठ' या शब्दाची पत

माणसाच्या नावाला आदराचा एखादा शब्द जोडावा, ही रीत सगळ्याच समाजांत आहे. कुठे 'राव' जोडतात, कुठे 'पंत', कुठे 'साहेब'. पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत, हा मान 'शेठ' या शब्दाकडे गेला आहे. बाहेरून येणाऱ्याला याचे नवल वाटते. शेठ म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे गादीवर लोडाला टेकलेला, समोर चोपड्या मांडलेला व्यापारी उभा राहतो. येथे मात्र ज्याला शेठ म्हणून हाक येते तो चिखलात उभा राहून पाटाचे पाणी वळवीत असतो. विघ्नहर साखर कारखाना उभा करणारे शेरकर हे निवृत्तीशेठ. विधानसभेत जुन्नरचे प्रतिनिधित्व केलेले बेनके हे वल्लभशेठ. ही झाली मोठी नावे. पण दोन एकर कांदा करणारा, जुना ट्रॅक्टर भाड्याने देणारा, पिठाची गिरणी चालवणारा, एवढेच काय, चहावाल्याकडे ज्याची दोन महिन्यांची उधारी तुंबली आहे तोही, कोणाच्या ना कोणाच्या तोंडी शेठच असतो.

मी याच मुलखात लहानाचा मोठा झालो, त्यामुळे हा शब्द माझ्या कानाला कधी खटकला नाही. पुढे ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी माझ्यापाशी तक्रार केली, "सगळेच शेठ झाले. आता खऱ्या शेठला काय म्हणायचे?" तक्रार भाषेची होती, परंतु तिच्या पोटात एक नैतिक प्रश्न होता. खरा शेठ म्हणजे कोण? ज्याच्याजवळ अधिक आहे तो? ज्याला अधिक लोक शेठ म्हणतात तो? की आणखी कोणी? समाजात काही माणसे वर बसलेली असतात आणि काही खाली, ही वस्तुस्थिती झाली. पण वर बसलेल्याला आपण जो शब्द देतो तो नुसती वस्तुस्थिती सांगून थांबत नाही. तो तिला आपली संमतीही देतो. म्हणून असा शब्द पारखून पाहणे म्हणजे आपली संमती पारखून पाहणे होय, आणि ते अधूनमधून केलेले बरे.

या शब्दाची कुळकथा सरळ आहे. संस्कृतातला 'श्रेष्ठ' म्हणजे सर्वांत चांगला. त्यावरून 'श्रेष्ठिन्', म्हणजे व्यापाऱ्यांचा किंवा कारागिरांच्या श्रेणीचा अग्रणी. प्राकृतात त्याचा 'सेट्ठि' झाला, आणि त्यातून शेटी, शेट्या, शेट, शेठ अशी मराठी रूपे निघाली. शेटे आणि शेट्ये ही आडनावे त्याच वंशातली. दक्षिणेतले शेट्टी आणि चेट्टी हेही आपले भाऊबंद. म्हणजे एखाद्याला शेठ म्हणताना आपण नकळत एक निवाडा देत असतो: हा सर्वांत चांगला. पैशाचा उल्लेख मूळ शब्दात मुळीच नाही. धनिक, लक्ष्मीपुत्र, पैसेवाला या शब्दांत पैसा उघडपणे पुढच्या ओटीवर बसलेला आहे. शेठमध्ये तो मागल्या दाराने आला आणि हळूहळू सगळे घर त्याचे झाले. चांगुलपणाच्या शब्दाने धनवंताला ओळखायचे असे आपल्या पूर्वजांनी केव्हातरी पत्करले, आणि तेव्हापासून चांगुलपणा व संपत्ती यांचा हिशेब एकाच खात्यावर मांडला जात आहे.

हे खाते किती जुने आहे ते पाहायला जुन्नरकराला दूर जावे लागत नाही. कल्याण-सोपाऱ्याहून निघालेली व्यापाराची वाट नाणेघाटाने वर चढे आणि जुन्नरवरून पैठणला जाई. दोन हजार वर्षांपूर्वी या वाटेवर पैसा खेळत होता, आणि त्या पैशातून शिवनेरी, लेण्याद्री, तुळजा, मानमोडी येथील लेणी कोरली गेली. तिथले लेख वाचू लागलो की त्या काळची बडी मंडळी एकेक करून पुढे येतात. शिवनेरीवर वीरसेणक नावाचा गृहस्थ आहे; लेख त्याला गृहपतींमधला प्रमुख म्हणतो, आणि त्याने दिलेले चैत्यगृह सर्व लोकांच्या हितसुखासाठी आहे असे नोंदवतो. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत याचे दान आहे. इरिल नावाच्या एका यवनाने, म्हणजे परदेशातून येऊन इथल्या व्यवहारात मिसळलेल्या माणसाने, पाण्याची दोन टाकी खोदवली. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने वर्ष ४६ मध्ये एक टाके आणि एक मंडप दिला. एका लेखात तर दाता एकटा नाहीच. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने मिळून सात खोल्यांचे लेणे आणि टाके दिले आहे. आणि मावळात, कार्ल्याच्या चैत्यगृहात, वैजयंतीचा भूतपाल भेटतो. त्याला लेखात स्पष्टपणे 'सेठि' म्हटले आहे. जंबुद्वीपात उत्तम असे हे शैलगृह त्याने पुरे केले, असे तो लेख सांगतो.

ही माणसे साधुसंत होती असे मला म्हणायचे नाही. आपले नाव दगडात कोरून ठेवण्याची हौस त्यांना होतीच. भूतपालाचा 'जंबुद्वीपात उत्तम' हा अभिमान आजच्या कोणाही आश्रयदात्याला शोभेल. त्यांचा पैसा कोणत्या मार्गाने आला हेही लेख सांगत नाहीत. पण या लेखांच्या रचनेकडे नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. नाव, गाव, बापाचे नाव किंवा पदवी, आणि बहुधा 'देयधम' हा शब्द व दिलेली वस्तू. देयधम म्हणजे धर्म म्हणून दिलेले दान. पदवी येते ती दात्याची ओळख पटवण्यापुरती. वाक्याचा सगळा भार दिलेल्या वस्तूवर असतो. 'मी सेठि आहे' एवढे सांगून एकही लेख संपत नाही. आज आपल्या चौकाचौकांत जे फलक लागतात ते मी याच दृष्टीने वाचतो. त्यांवर नाव असते, छबी असते, शेठ, युवानेते, आधारस्तंभ, सन्माननीय असे सगळे असते. दिलेले काय, ते मात्र सापडत नाही. विशेषणे पुरेपूर आहेत, क्रियापद गळून पडले आहे.

लेण्यांच्या काळानंतर शतकांमागून शतके गेली आणि मराठेशाहीच्या कागदपत्रांत हा शब्द पुन्हा भेटतो तो 'शेटे-महाजन' या जोडीत. हे बाजारपेठेचे वतनदार. नवी पेठ वसवायची तर व्यापाऱ्यांना कौल देऊन आणायचे, बाजाराची देखरेख करायची, सरकार आणि उदमी यांच्यामध्ये उभे राहायचे, आणि त्याबद्दल ठरलेले हक्क व मानपान घ्यायचे, असे हे 'शेटेपण' होते. वतनदारीचे दोष कोणाला सांगायला नकोत; मानपानाच्या तंट्यांनी आपली दप्तरे भरली आहेत. तरीही शेटेपण हे निदान कागदावर तरी एक काम होते, आणि हक्काच्या शेजारी ते काम लिहिलेले असे. शेट्या असणे आणि पेठेचे काही देणे लागणे या दोन गोष्टी तोवर एकमेकींपासून पुरत्या तुटल्या नव्हत्या.

त्या तुटल्या त्या पुढच्या काळात. इंग्रजी अमलात शेतसारा रोख पैशात आणि ठरल्या मुदतीला भरावा लागू लागला, कर्जाच्या खताला कोर्टाचे बळ मिळाले, आणि गावातल्या सावकाराला पूर्वी जी गावाची भीडमुर्वत धरावी लागे तिची गरज उरली नाही. काम गेले, सत्ता वाढली. शब्द मात्र तोच राहिला. कुळाने सावकाराला तोंडावर शेटजी म्हणायचे आणि घरी येऊन बोटे मोडायची. १२ मे १८७५ रोजी याच पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खते हिसकावून जाळली आणि तो वणवा पुणे व नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरला. १८७९ चा शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा त्यातूनच आला.

आमच्या डोंगरी भागाने त्याआधीच आपली रीत दाखवली होती. आजच्या आंबेगाव तालुक्यातील जांभोरीचा होनाजी केंगले, ज्याला सरकारी गॅझेटिअर होन्या म्हणते, हा महादेव कोळी समाजातला माणूस १८७३ च्या सुमारास सावकारांविरुद्ध उठला. १८७६ मध्ये तो पकडला गेला. त्याच्या टोळीने सावकारांची नाके कापली, ही गोष्ट या भागात अजून सांगतात. हे कृत्य क्रूर होते, आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. परंतु त्यामागचा विचार मला थांबवून धरतो. खते जाळणाऱ्याला कर्ज बुडवायचे असते. नाक कापणाऱ्याला आणखी काही हवे असते. नाक ही आपल्या भाषेत अब्रूची जागा आहे. 'श्रेष्ठ' या शब्दाने जी प्रतिष्ठा सावकाराला फुकट मिळाली होती तीच होनाजीला परत घ्यायची होती. ज्याला वर्षानुवर्षे भीतीपोटी शेटजी म्हणावे लागले, त्याने त्या शब्दाचे व्याज असे वसूल केले. पुढे सत्यशोधकांच्या काळात 'शेटजी-भटजी' हा जोडशब्द रूढ झाला आणि श्रेष्ठाचा शब्द चक्क शिवी म्हणून वापरला जाऊ लागला.

त्याच शतकात, नाणेघाट उतरून खाली गेले की लागणाऱ्या मुरबाडात जन्मलेल्या एका माणसाने हा शब्द वेगळ्या वाटेने नेला. जगन्नाथ शंकरशेट यांचा काळ १८०३ ते १८६५. मूळ आडनाव मुरकुटे. वडिलांच्या नावातला 'शेट' पुढे आडनावातच मुरला. मुंबईतील शिक्षणसंस्था, १८५२ ची बॉम्बे असोसिएशन, आगगाडी आणणारी कंपनी, अशा किती तरी कामांत त्यांचा हात आणि पैसा होता. त्यांच्या नावात शेट होता तरी मराठी माणूस त्यांना आजतागायत 'नाना' म्हणतो, हे मला महत्त्वाचे वाटते. पदवी आडनावात जाऊन बसली आणि हाक मारायला नात्याचा शब्द उरला.

नात्याचा शब्द आणि शेठ यांत एक फरक आहे. नाना, तात्या, अण्णा, आबा, भाऊ हे शब्द माणसाला वयाने, वागणुकीने, शेजाराने मिळतात. ते नेमके कोणत्या दिवशी मिळाले ते सांगता येत नाही, आणि ते दिवाळे निघाल्यावर परत घेतले जात नाहीत. शेठला बहुतेक वेळा एक तारीख असते. बंगल्यावर स्लॅब पडला, दारात चारचाकी आली, सोसायटीच्या निवडणुकीत पॅनेल लागले, आणि कालचा बाळू आज बाळूशेठ झाला. २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला. त्या एका महिन्यात आमच्याकडे किती नवे शेठ निपजले असतील याची कल्पना करता येते. ज्या साली तोच टोमॅटो रस्त्याकडेला ओतून द्यावा लागतो त्या साली हे शेठपण कोठे जाते, हे मात्र कोणी विचारीत नाही. तोंडावरची हाक तशीच राहते. तिच्यातला सूर तेवढा बदलतो.

इथे निवृत्त शिक्षकांच्या तक्रारीला मला अर्धे उत्तर द्यावेसे वाटते. शब्द पुष्कळांना मिळाला म्हणून तो स्वस्त झाला, हे मला मान्य नाही. ज्याचा पणजा सावकाराच्या ओट्याखाली, पायातले जोडे बाजूला काढून, हात जोडून उभा राहिला, त्या शेतकऱ्याला आज बाजारात 'या शेठ' म्हणतात, यात काळाने केलेला थोडासा न्याय आहे. जो शब्द वरून दडपीत होता तो खाली उतरून ज्याच्यावर दडपण होते त्याच्याच खांद्यावर येऊन बसला. हा न्याय केवळ शब्दाने झाला नाही. कुकडी प्रकल्पाची येडगाव, वडज, माणिकडोह, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही धरणे झाली, पाट आले, ऊस-द्राक्षे-टोमॅटो आले, सहकारी कारखाने आले, तेव्हा कोठे शेतकरी शेठ झाला. हातात पीक नसलेल्याला कोणी शेठ म्हणत नाही.

पण हाच हिशेब पुढे चालवला की उरलेले अर्धे उत्तर समोर येते. डिंभ्याचे धरण घोड नदीवर आहे. त्याच्या पाण्याखाली आदिवासींची गावे गेली, आणि खुद्द आंबेगाव हे गावही गेले. आंबेगाव तालुक्याचे मुख्य ठिकाण घोडेगाव. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडले ते गाव पाण्यात आहे. वरच्या खोऱ्यातल्या माणसाचे रान बुडाले म्हणून खालच्या शिवारात पाट वाहिला आणि तिथे शेठ पिकले. आज नारायणगावात सकाळी मजुरांचा बाजार भरतो. पश्चिमेच्या डोंगरी पट्ट्यातून आणि शेजारच्या तालुक्यांतून आलेली बायामाणसे रस्त्याकडेला उभी असतात, शेतकरी गाडी घेऊन येतात, रोज ठरतो, माणसे गाडीत चढतात. तिथे सर्वांत जास्त ऐकू येणारा शब्द 'शेठ' हाच. "शेठ, किती बाया लागतात?" "शेठ, रोज वाढवा की." सावकाराच्या ओट्याखालून जो वर आला, त्याच्या ओट्याखाली आता दुसरा उभा आहे, आणि मधला शब्द जसाच्या तसा आहे.

कोणी म्हणेल, एवढ्याशा शब्दाला इतके का तोलायचे? आजकाल शेठ म्हणजे नुसते 'अहो'. त्यात श्रेष्ठही नाही आणि कनिष्ठही नाही. हे खरे असते तर मला आनंदच झाला असता. परंतु 'अहो' दोन्ही बाजूंनी जातो, तसा हा जात नाही. मजूर शेतकऱ्याला शेठ म्हणतो. शेतकरी मजुराला म्हणत नाही. शेतकरी आडत्याला शेठ म्हणतो. आडत्या मुंबईच्या मोठ्या व्यापाऱ्याला म्हणतो. ज्याला गरज आहे त्याच्या तोंडून निघून ज्याच्या हातात देणे आहे त्याच्याकडे हा शब्द वाहतो, पाण्यासारखा उताराने; आणि गावातला उतार कोणत्या बाजूला आहे हे ठरवायचे असेल तर कोण कोणाला शेठ म्हणतो एवढे ऐकावे. याला अपवाद एकच, मित्रांचा. "काय शेठ, कुठं होता?" असे एकजण म्हणतो आणि दुसरा तितक्याच थाटात "तुमच्याच वाटेकडे डोळे होते, शेठ" म्हणतो, तेव्हा दोघांनाही ठाऊक असते की खिशात कोणाच्याच काही नाही. हा शब्दाचा सर्वांत निरोगी उपयोग होय. दोन्ही बाजूंनी सारखा गेल्यामुळे त्यातला डंख निघून जातो आणि मूळचा अर्थ, 'तू मला चांगला वाटतोस', काही क्षण उघडा पडतो.

दुसरी एक परीक्षा आमच्या भाषेतच आहे. तोंडावर 'शेठ' आणि पाठ फिरताच 'तो', असे ज्याच्या बाबतीत होते त्याला शब्द मिळाला, मान मिळाला नाही. ज्याच्या मागेही लोक 'शेठ आले होते', 'शेठनी सांगितले' असे म्हणतात, तिथे काही तरी वेगळे असते. मी अशी थोडी माणसे पाहिली आहेत. त्यांच्यात सारखेपणा शोधला तर एवढाच सापडतो की अडल्या वेळी त्यांच्या दारात जाताना माणसाला पाय जड वाटत नसत, आणि परत येताना केलेल्या मदतीची गोष्ट त्यांच्या तोंडून गावभर होत नसे. ती सगळी श्रीमंत होती असेही नाही.

या शब्दाचे आणखी एक अपुरेपण आहे, आणि ते सोडून पुढे जाणे बरे नव्हे. शेठला स्वतःचे स्त्रीलिंग नाही. शेठाणी म्हणजे शेठची बायको. स्वतःच्या कर्तृत्वाने शेठ झालेल्या बाईला मराठीत शब्द नाही. नारायणगावचे नाव साऱ्या महाराष्ट्रात नेले ते विठाबाई नारायणगावकरांनी. तमाशाच्या या सम्राज्ञीला १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला, आणि २००२ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या बोर्डापुढे बसून दौलतजादा करणाऱ्यांची नावे 'शेठ' लावून पुकारली जात. नाचणाऱ्या-गाणाऱ्या बाईकडे कला होती, फड होता, शेकडो पोटे तिच्यावर भरत होती. पण श्रेष्ठाचा शब्द नोट देणाऱ्याकडे गेला. ज्या शब्दाला कमाई दिसते आणि कर्तृत्व दिसत नाही, त्याने 'श्रेष्ठ' या आजोबांचे नाव सांगण्यात अर्थ काय?

आणि गंमत अशी की या मुलखातला सर्वांत जुना मोठा लेख एका बाईचा आहे. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिचा लेख आहे. तिने आणि तिच्या पतीने केलेले यज्ञ, दक्षिणेला दिलेल्या हजारो गायी, हत्ती, घोडे, नाणी यांची ती यादी आहे. त्याच लेण्यात, मागच्या भिंतीवर, राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर नाव कोरले होते: राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सातकर्णी, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. आता तिथे मूर्ती नाहीत. कुठे पायांच्या खुणा उरल्या आहेत, आणि वर नावे आहेत. त्या काळच्या सर्वोच्च समाजाचे हे सामूहिक चित्र. आज त्यातली फक्त पदव्यांची पाटी शिल्लक आहे. त्याच घाटातल्या पाण्याच्या टाक्यांपाशी पांथस्थ दोन हजार वर्षे टेकत आले आहेत. तहान लागलेला माणूस टाक्याचा मालक कोण हे विचारीत नाही, आणि तिथे पाणी ठेवणाऱ्याला त्याने विचारावे अशी अपेक्षाही बहुधा नसावी.

मला वाटते, 'शेठ' हा शब्द म्हणजे समाजाने माणसाला दिलेली आगाऊ उचल आहे. अजून त्याने श्रेष्ठपण सिद्ध केलेले नसते. पैसा आला एवढ्यावर समाज त्याच्या हातात शब्द ठेवतो आणि म्हणतो, आता याला साजेसे वाग. व्यवहारात यालाच पत म्हणतात. बाजारात ज्याला माल उधार मिळतो त्याला आपली फेड करायची आहे याचा विसर पडत नाही, कारण विसरला तर पुढच्या खेपेला माल मिळत नाही. शब्दाच्या उधारीत मात्र ही सोय राहिलेली नाही. उचल घेतलेला फेडीचे नाव काढीत नाही, आणि देणाराही मागत नाही. म्हणून शब्द स्वस्त झाला असेल तर तो पुष्कळांना दिल्याने झालेला नाही; दिल्यावर काहीच न मागितल्याने झाला आहे.

मागायचे तरी काय? फार मोठे काही नाही. ज्याला गाव शेठ म्हणते त्याने मजुराचा रोज त्याच संध्याकाळी द्यावा. हिरड्याचा किंवा कांद्याचा काटा सरळ धरावा. मजूर बाई शेतात आजारी पडली तर गाडी तिच्यासाठी काढावी, जशी वरातीसाठी काढतो. देयधमाची ही आजची छोटी रूपे आहेत. दगडात कोरण्याइतकी मोठी नाहीत, पण पाठीमागे 'शेठ' म्हणवून घेण्याइतकी पुरेशी आहेत. आणि जो हाक मारतो त्याच्याकडेही एक मागणे आहे: नुसत्या भीतीने किंवा गरजेने हा शब्द तोंडून निघत असेल, तर निदान आपल्या मनाशी त्याची वेगळी नोंद ठेवावी. गरजेपायी वाकणे हा गुन्हा नव्हे. वाकण्यालाच आदर समजू लागणे हे वाईट. होनाजी केंगल्याला तो फरक कळला होता. दुर्दैवाने त्याच्या हाती सुरीखेरीज दुसरी भाषा नव्हती.

आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळ या गावचा एक तरुण मुंबईत गिरणीत काम करीत होता. त्याला कोणी कधी शेठ म्हटले असेल असे वाटत नाही; गिरणीतल्या हमालीत शेठपण कोठून येणार? १२ डिसेंबर १९३० रोजी, परदेशी कापड घेऊन निघालेल्या मालमोटारीपुढे तो आडवा झाला आणि तिच्याखाली चिरडून मेला. बाबू गेनू हे त्याचे नाव. नावाच्या मागे पदवी नाही, पुढे पदवी नाही. नुसते नाव आणि बापाचे नाव, लेण्यांतल्या दात्यांसारखे. द्यायला त्याच्याजवळ एकच गोष्ट होती, ती त्याने दिली. डिंभ्याच्या जलाशयाला आज त्याचे नाव आहे. त्या पाण्यावर खाली जे ऊस आणि टोमॅटो उभे आहेत त्यांचे मालक सगळे शेठ आहेत. आणि वर ज्यांची गावे बुडाली त्यांना अजून कोणी शेठ म्हणत नाही. खरा शेठ कोण, असे शिक्षक विचारीत होते. उत्तर देण्याआधी या पाण्याच्या काठावर एकदा उभे राहून यावे, एवढेच मी त्यांना सुचवीन.